सुताचा नंदी

डोळे मिटले की आजही सर्वप्रथम दिसते ते एक मुख. शुभ्र सुताचे, आत कापूस भरलेले, मुठीएवढे, इवल्या दोन शिंगांचे, नाकपुडीपाशी किंचित निमुळते; कपाळावर हळदीत बुडवून सुकवलेल्या दोऱ्याचा पिवळा टिळा, आणि मागे, जिथे मान असायला हवी तिथे, काहीच नाही… केवळ एक गोल उघडा काठ, आणि त्या काठाच्या अखेरच्या फासात अडकून राहिलेली पितळेची क्रोशाची सुई. सौंसरच्या स्टेशनावर छोट्या लाईनची गाडी धूर सोडीत उभी होती, फलाटावर संत्र्यांच्या पेट्यांतल्या गवताचा ओलसर-गोड वास दरवळत होता, आणि माझ्या काकूने डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून ते अपुरे मुख माझ्या ओंजळीत ठेवले.

"दोरा तोडू नको, यमू. गुंडा पिशवीत हाये. इथूनच पुढे धड विण. आणि आत भरशील तो कापूस हातानं साफ कर, एक सरकी राहता कामा नये. बाळूले मी नंदी कबूल केला हाये."

त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली होती. स्वातंत्र्य आले तेव्हा मी आईच्या मांडीवर होते, त्यामुळे तो आनंद मी केवळ ऐकून जाणते. ही दुसरी घडामोड मात्र मला पुरती आठवते, कारण तिने आमचे घर हलवले. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. काका तहसील कचेरीत कारकून होते. नोकरदारांची वाटणी झाली तीत त्यांच्या वाट्याला अमरावती आली. त्यांच्या सामानात, तांब्याच्या घंगाळाशेजारी गोणपाटात गुंडाळून, आमच्या घरातला एकुलता एक लाकडी नंदीही गेला. तो काकांच्या मुलाचा, विष्णूचा होता. थोरल्या घराचा तो मान होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु माझा धाकटा भाऊ बाळू तेव्हा चार वर्षांचा होता, आणि मागच्या पोळ्याला विष्णूने त्याला अर्धी दोरी धरू दिली होती.

आमच्याकडे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेलच. चाकांचे लाकडी नंदी सजवून मुले देवळापुढे ओळीने उभी राहतात, आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाते, पूजा होते, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. मग मुले आपापला नंदी घेऊन घरोघरी जातात, आणि प्रत्येक दारात घरची बाई नंदीच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, मुलाच्या हातावर खाऊ ठेवते. त्या ओळीत उभे राहण्यासाठी स्वतःचा नंदी हवा. बाळूपाशी तो नव्हता. त्याच्यापाशी होते ते काकूचे वचन, आणि ते पुरे करण्याची सुई माझ्या हातात आली होती.

क्रोशा मला काकूनेच शिकवला होता. साखळी, मुका खांब, खांब — ही नावे मी धातुरूपांच्या बरोबरीने पाठ केली. सकाळी ओसरीवर बाबूजी, म्हणजे माझे वडील, शाळेतल्या मुलांना संस्कृत सांगत आणि मला त्यांच्यातच बसवून घेत. दुपारी माजघरात काकूपाशी सुताचा धडा. गावातल्या इतर बायका क्रोशाने रुमाल विणीत, झालरी विणीत. काकू मात्र प्राणी विणी. तिच्या सुईतून ससा निघे, पोपट निघे, एकदा तर सोंड वर केलेला गणपतीचा हत्ती निघाला. मुलांना छातीशी धरून झोपता आले पाहिजे, लाकूड टोचते, असे ती म्हणे. तिचा टाका इतका घट्ट असे की दोन फासांमधून टाचणीचे टोकही जाऊ नये. आणि एवढे घट्ट विणूनही तिचे खेळणे हाताला मऊ लागे. हे तिला कसे साधे, ते मला पुढे कळले.

थंडी सरली, होळी गेली, उन्हाळ्यात माजघराच्या सारवलेल्या गारव्यात बसून मी त्या मुखाला मान विणली, वशिंड विणले, पाठ विणली… माझा टाका सैल होता. काकूचा भाग जिथे संपे आणि माझा जिथे सुरू होई ती रेघ आंधळ्यालाही बोटाने कळली असती. श्रावण लागला तेव्हा धड होऊन चार पाय तेवढे राहिले होते.

कापूस मोहगावच्या आमच्या शेतातला होता, आदल्या हंगामाचा, बोंडातून काढलेला तसाच. त्यातली सरकी हाताने सोडवणे म्हणजे तपश्चर्या. तंतू दाण्याला असा धरून असतो की ओढता ओढता नखे दुखू लागतात, बोटांची कातडी हुळहुळते. धडापुरता कापूस मी नीट साफ केला. पायांची पाळी आली तेव्हा पोळ्याला दोन दिवस उरले होते, आणि बाळू तर माझ्या गुडघ्याला टेकूनच बसला होता.

"ताई, झाला का?"

"होऊन राहिला."

"काल बी होऊनच राहिला होता!"

मी टोपलीतला कापूस सरकीसकट उचलला आणि चारही पायांत भरून टाकला. दाबला, वळवला, काठ आवळून घेतला. संध्याकाळी दिवा लावताना बाबूजींनी सहज विचारले, "काकूने सांगितले होते तशी सरकी काढलीस ना सगळी?"

"हो, बाबूजी," मी म्हणाले. स्तोत्राला उशीर होत होता, म्हणून त्यांनी पुढे विचारले नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाळूने नंदी कडेवर घेऊन देवळाची वाट धरली; मागे मी आणि बाबूजी. त्याला चाके नव्हती, म्हणून ओढता येत नव्हता. ओळीतली मुले लागलीच जमा झाली.

"अबे, हा नंदी हाये का उशी?"

"याले चाकंच नाही! चालते कसा बे हा?"

बाळूने मान वर केली. "तुमचेवाले चालते. माह्यावाला कडेवर बसते."

मुले हसली, पण ते हसणे तिथेच थांबले, कारण देवळातल्या पुजारी महाराजांनी हातातली आरती खाली ठेवली होती. वृद्ध, सात्त्विक गृहस्थ. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. नंदी पाहून ते संकोचले.

"गुरुजी," ते बाबूजींना म्हणाले, "पोराचं मन मोडायचं नाही, पण हे सुईचं काम हाये. शिवलेलं देवाच्या पूजेले चालत नाही, तुम्हाले मी काय सांगावं?"

बाळूने नंदी छातीशी आवळला. दहा महिने विणलेले सारे त्या एका शब्दापाशी येऊन अडले होते. बाबूजींनी मला जवळ बोलावले. इतर माणसांसमोर ते माझ्याशी अशा गंभीर स्वरात कधी बोलले नव्हते.

"यमुना, सुई दाखव."

मी परकराच्या टोकाला बांधलेली सुई सोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती महाराजांपुढे धरली.

"महाराज, हिला नेढे कुठे आहे? जिला नेढे नाही ती शिवणार कशी? ही सूत ओवत नाही, ओढून घेते, फासातून फास. कापड कापून जोडले तर शिवण. इथे काही कापलेलेच नाही." मग माझ्याकडे वळून: "यात एका तरी जागी टाका घालून जोडले आहेस काय? पाय कसे लावलेस?"

"धडातूनच विणत खाली आणले, बाबूजी. गुंडा संपला तिथे नव्या गुंड्याचे टोक फासात घेतले. शिवले कुठेच नाही."

"माझी मुलगी खोटे बोलत नाही," बाबूजी म्हणाले.

महाराजांनी नंदी हातात घेतला, उलटा केला, पोटाखालून पाहिला, पाय चाचपले. आतली सरकी त्यांच्या बोटांना लागेल की काय, एवढेच माझ्या मनात होते. मग त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावले आणि हसून म्हणाले, "मुख मोठं गोड हाये हो! जा रे बाळू, तोरणाखाली उभा राहा. पहिला उभा राहा."

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. मात्र बाबूजींचे ते वाक्य खड्यासारखे टोचत राहिले. मी देवळात खरे बोलले होते, दिव्यापाशी नव्हते बोलले. आणि त्यांनी दोन्ही शब्दांवर सारखाच विश्वास ठेवला होता.

मग बाळू घरोघर गेला. पंधरा-वीस दारे तरी झाली असतील, आणि दारोदारी पायांवर तांब्याभर पाणी. लाकडी नंदीचे पाय पाणी झटकून टाकतात. माझा नंदी ते पीत गेला. घरी आला तेव्हा त्याचे चारही पाय जड होऊन लोंबत होते. आईने ते पिळले, आणि त्याला देवघराच्या कोनाड्यात, गणपतीच्या चौरंगाशेजारी ठेवून दिले. बाहेर भाद्रपदाची झड लागली होती, पापड सुकेनात तिथे कापूस कसा सुकणार…

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी देवघर पुसायला गेलेला बाळू ओरडतच बाहेर आला.

"ताई! बाबूजी! नंदीले चारा उगवून राहिला!"

मी धावले. नंदीच्या मागच्या उजव्या पायातून, माझ्या सैल टाक्यांमधून, तीन कोंब बाहेर आले होते. एकाची दोन पाने उलगडून तळहातासारखी आडवी झाली होती, कोवळी, पोपटी, ओली. दुसऱ्या पायातून एक वाकडा कोंब डोके काढीत होता. बाळू आनंदाने टाळ्या पिटत होता, त्याच्या नंदीने स्वतःचा चारा स्वतःच पेरला होता. मागे बाबूजी उभे होते. कपाशीचा कोंब ओळखू येणार नाही असा माणूस आमच्या मुलखात जन्मत नाही.

"बाबूजी, मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "पायांतली सरकी काढली नव्हती."

त्यांनी वाकून एका पानाला बोट लावले.

"देवळात मी चार माणसांत तुझ्या शब्दावर उभा राहिलो."

"तिथलं खरं होतं."

"म्हणून आज मान वर आहे. आता घरातला शब्दही तसाच कर." आणि थोड्या वेळाने, जरा मऊपणे: "कोंब अंगणात लाव. जिवंत आहेत ते. आणि काकूला पत्र लिही. वचन तिचे होते."

मी सगळे लिहिले, एकही गोष्ट न लपवता. आठ दिवसांनी अमरावतीहून पोस्टकार्ड आले. आशीर्वादाची ओळ संपताच काकू माझ्याशी बोलू लागली होती: 'अवं येडे, तुझ्या काकांनी पत्र वाचून दाखवलं अन् मी हसून हसून रडली. तोंडातून काही उगवलं का? नाही ना? मग धड मानेपर्यंत उसव, सूत धू, अन् पुन्हा विण. घाई करू नको. कापूस साफ करता करताच टाका घट्ट होते, बोटाले सवय लागते.'

हेच ते रहस्य होते. मी मानेपर्यंत उसवले. काकूचा एकही टाका सोडवला नाही. उरलेले वर्षभर मी बोंडे उकलली, एकेक दाणा वेगळा केला, ताटलीत सरकी पडल्याचा तो बारीक टण्-टण् आवाज ऐकत राहिले; आणि हळूहळू ती रेघ, जिथे तिचे संपून माझे सुरू होई, बोटांना सापडेनाशी झाली. पुढच्या तान्ह्या पोळ्याला काकू चार दिवसांसाठी आली. तिने नंदीचे पाय एकेक करून ओढून पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाळूला म्हणाली, "जाय. आता कितीक बायका पाणी घालतात ते घालू दे." त्या वर्षीही पाय भिजले. तिसऱ्या दिवशी चुलीच्या उबेला सुकले. काही उगवले नाही. बाळू मात्र हिरमुसला.

लग्न होऊन मी पांढुर्ण्यास आले, त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. बाबूजींनी दिलेली विद्या इथल्या मुलामुलींना सांगितली, आणि काकूने दिलेलीही. काकू अमरावतीसच वारली. शेवटच्या भेटीस मला पोहोचता आले नाही. बाळू आजोबा झाला आहे. दर श्रावणात मी नंदी विणते, आळीतल्या मुलांसाठी, नातवंडांसाठी. आणि बाजारात भरायचा तयार कापूस मिळत असूनही मोहगावहून बोंडे मागवते. माझ्या हातच्या खेळण्यात सरकी सापडणार नाही, हे मी आज निःशंकपणे सांगू शकते.

तो पहिला नंदी माझ्या देवघरात आहे. सूत पिवळले आहे, टिळा विटला आहे. परवा त्याला ऊन दाखवताना माझ्या बोटांनी — आता डोळ्यांपेक्षा तीच अधिक पाहतात — त्याचे मुख सावकाश दाबून पाहिले. डाव्या शिंगाच्या मागे, अगदी खोल, काकूच्या घट्ट टाक्यांच्या आत, काहीतरी टणक लागले. मुगापेक्षा थोडे मोठे, एका टोकाला निमुळते.

एक सरकी.

मी पुन्हा दाबून पाहिले. मग पदराने ते मुख पुसले, आणि नंदीला त्याच्या जागी ठेवून दिले.