कच्च्या दोऱ्यातलं हळकुंड

आमच्या शेडला एकच खिडकी आहे आणि ती मीच कायमची बंद करून टाकली आहे. काच बसवून घेतली, फटी बुजवल्या, वरून रुंद चिकटपट्टी मारली. काचेपलीकडे ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत माझा नवरा बसायचा आणि अलीकडे मी दारं घासायची. त्याआधी सगळं उलटं होतं. हे आत असायचे आणि मी चहाचा कप हातात धरून खिडकीशी ओरडत उभी राहायची, ‘आवं, निवतोय!’ बाहेर ताटकळत उभं राहण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही असं तेव्हा मला वाटायचं. आत गेल्यावर डोळे उघडले.

कुपवाडला आमच्यासारख्या शेडा गल्लोगल्ली आहेत. शेजारी पत्रा वाकतो, पलीकडे लेथ चालते, आम्ही सागवानी दारं आणि देव्हारे करतो. कापणं-जोडणं आम्ही बाहेरून करून घेतो, पण शेवटची घासाई घरचीच. लोक आमच्याकडे येतात ते त्या घासाईसाठी. गिऱ्हाईक दारावरून हात फिरवतं आणि पुन्हा एकदा फिरवतं, तिथेच सौदा होतो. ती घासाई सँडरवर चालते. हातात मावणारं विजेचं मशीन, पुढे गोल चकती, चकतीला पॉलिश पेपर. दिसायला निरुपद्रवी. पण त्यातून लाकडाचं जे पीठ उडतं ते मैद्याहून बारीक असतं, आणि ते ह्यांच्या छातीत जाऊन बसलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, आता धुळीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ह्यांनी विचारलं, ‘मास्क लावून?’ डॉक्टर म्हणाले, ‘मास्क आधी लावायचा होता.’ परतताना गाडीवर मी मागे बसले होते. कुपवाडचा फाटा आला. मग मीच म्हटलं, ‘मी घासते.’ मी साताऱ्याकडची, फौजीची लेक. आमच्या घरात चप्पलसुद्धा रांगेत ठेवायला लागायची. मला वाटलं, मशीन काय, चार दिवसांत शिकेन, मग एखादा माणूस मिळेल. माणूस आजपर्यंत मिळालेला नाही. मिळाला तरी त्याची घासाई गिऱ्हाइकाला पसंत पडत नाही.

ह्यांनी मला ओट्यावरून शिकवलं. हातात फळकुटाचा तुकडा धरून काचेपलीकडे मशीन चालवायचं नाटक करायचे आणि मी आत त्यांची नक्कल करायची. पेपर बदलायचा तर आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन्ही हातांनी धरायचं. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची. चकती पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवायचं नाही. मास्क, गॉगल, कानात बोळे. हे सगळं सांगणारा माणूस जन्मभर तोंडाला रुमाल बांधून काम करत आलेला, तोही गिऱ्हाईक आलं की खाली ओढायचा. मी म्हटलं, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान!’ ते हसले. हसता हसता खोकला लागला आणि मग मलाच कसंतरी झालं.

‘आन लोंबतं काय न्हाई पायजे अंगावर,’ ते म्हणाले. ‘मशीनला लोंबतं दिसलं की त्ये वडतंय.’

साडी गेली. सलवारीवर ह्यांचा जुना शर्ट आला, बाह्या दुमडून, केस टोपीत. हिरव्या बांगड्यांवर घरात दोन दिवस अबोला झाला आणि शेवटी हातात एकेक घट्ट पाटली ठेवायचं ठरलं. राहिलं मंगळसूत्र.

माझ्या सासूबाई जत भागातल्या. अंगानं काटकुळ्या, बोलायला त्याहून थोड्या. हे शाळेत जात होते तेव्हा सासरे गेले. तेही सुतारच. कशानं गेले विचारलं की ‘खोकल्यानं’ एवढंच सांगतात. तेव्हापासून त्यांचा गळा मोकळा आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्याशी माझं कधी मोठं भांडण झालं नाही, कारण भांडायला दोघी लागतात आणि त्या एका शब्दात विषय संपवतात.

‘आत्याबाई, काम करतानाच काढते. देवापुढं ठेवते.’

‘न्हाई.’

‘आवं, मशीनमध्ये अडकलं तर?’

‘त्यो तिकडं खोकतोय, आन तू हिकडं गळा मोकळा करून हिंडणार व्हय?’

त्यांनी भीती लपवली नव्हती. ती उघड माझ्यासमोर ठेवली होती आणि मला तिच्यावरून पाय टाकून पुढे जाता येईना. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. ‘शर्टात घाल,’ म्हणाले, ‘वरचं बटन लाव.’ सासू-सुनेत सापडलेला पुरुष त्या खिडकीच्या काचेसारखा असतो. त्याला सगळं दिसतं, पण तो हलत नाही.

घामानं आणि धुळीनं मंगळसूत्राचा दोरा विरत चालला. एके दिवशी आत्याबाई ते घेऊन सांगलीला गेल्या, सराफकट्ट्यावर बसून राहिल्या आणि दुहेरी तारेत गाठवून घेऊन आल्या. ‘आता तुटायची भ्याच न्हाई,’ म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. खरं सांगते, मलाही ते आवडलं. काळे मणी नव्यासारखे दिसत होते. तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की जे तुटत नाही तेच गळ्यात नको.

आत काय वाटतं ते सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाई उभी आहे आणि मशीन चालतंय. मास्कमध्ये आपलाच श्वास गरम होऊन परत तोंडावर येतो. गॉगलवर वाफ धरते. कानात बोळे असल्यामुळे बाहेरचं जग बंद आणि स्वतःची छाती धडधडताना ऐकू येते. वर पत्रा तापलेला. तहान लागली तरी दार उघडायचं नाही, कारण दार उघडलं की धूळ ओट्यावर, म्हणजे ह्यांच्या छातीत. काम संपलं की मी मागच्या दारानं न्हाणीत जायची, कपडे वेगळ्या बादलीत बुडवायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि मगच माणसांत यायची. कधी विसरून तशीच ओट्याकडे वळले तर हे खुर्ची मागे सरकवायचे. त्यात त्यांचा काय दोष! तरी ते खुर्चीचं सरकणं मला लागायचं. ज्या माणसासाठी मी त्या डब्यात कोंडून घेतलं होतं तोच मला बघून मागे सरत होता. मला राग यायचा, फार यायचा, आणि तो कुणावर काढावा हे ठरत नसल्यामुळे मी तो दारांवर काढायची. दारं गुळगुळीत व्हायची.

ते झालं तेव्हा उन्हाळा होता. इस्लामपूरच्या एका घरासाठी दोन झडपांचं दार करायचं होतं. दार लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं होतं आणि मी खालच्या कोपऱ्यातली नक्षी घासायला वाकले होते. शर्टाचं वरचं काज सैल झालेलं, त्यातून बटण कधी सुटलं कळलं नाही. मणी बाहेर आले, चकतीच्या कडेला टेकले, आणि मशीन माझ्या हातातून वर चढलं.

तसं मशीन कधी वर चढत नाही. ते पुढे जातं, बाजूला पळतं, पण असं अंगावर येत नाही. तार चकतीमागे गुंडाळली गेली होती आणि मशीन माझ्या गळ्याकडे ओढलं जात होतं. काम बराच वेळ चालणार म्हणून बटण दाबलेलंच राहील असं लॉक केलेलं. मी दोन्ही हातांनी मशीन छातीपासून दूर धरलं होतं. बटण बंद करायला एक हात सोडावा तर दुसऱ्या हाताला ते पेलणार नव्हतं. मागे तार मानेत रुतत होती. चकतीचा वारा हनुवटीला लागत होता. तार तुटत नव्हती. मी देवाचं नाव घेतलं नाही, ह्यांना हाक मारली नाही, मी फक्त त्या तारेला म्हणत होते, तूट. तूट की गं बाई.

समोर काच होती. पलीकडे हे उभे राहिलेले दिसले. तोंड उघडलेलं, हात काचेवर आपटत होते, पण माझ्या कानात बोळे. मग ते काचेतून नाहीसे झाले आणि दार उघडलं. ते तसेच आत आले. तोंडाला रुमालसुद्धा नाही. मी मास्कच्या आतून ओरडले, ‘येऊ नका!’ ते मलाच ऐकू आलं.

ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत मशीन मंदावलं. पंखा मंदावला, ट्यूब गेली. चकती घुर्र करत थांबली. ओट्यावरचा मेन स्विच आत्याबाईंनी खाली ओढला होता. घरातला मिक्सर लावायलाही मला हाक मारणारी बाई ती. विजेच्या बोर्डाला त्यांनी कधी बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्यांनी पक्कड आणली, तार पकडली आणि थांबले. पक्कड माझ्या गळ्याशी तशीच. दारात आत्याबाई उभ्या. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. धुळीत श्वास घेत ते तिथे आईच्या परवानगीची वाट बघत होते, आणि त्या क्षणी मला दोघांचाही इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

‘बघत काय बसलाईस?’ आत्याबाई म्हणाल्या. ‘तोड ती.’

ह्यांनी तार तोडली. मणी भुशात सांडले. मग ह्यांना खोकला सुरू झाला आणि तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

पुढचे दिवस वाफ, औषध आणि मिरजेच्या फेऱ्या यांत गेले. आत्याबाईंनी शेडमधला भुसा सुपात घेऊन पाखडला, एकेक मणी वेचला, दोन्ही वाट्या शोधून काढल्या. मंगळसूत्र तुटलं असं त्या अजूनही म्हणत नाहीत, ‘वाढवलं’ म्हणतात. ह्यांना थोडं बरं वाटू लागलं तशी खुर्ची ओट्यावरून उचलून पार रस्त्याकडेला, लिंबाखाली गेली. मशीनचं लॉकचं बटण ह्यांनी काढून टाकायला लावलं. ऑर्डरचं दार अर्धं घासून तसंच पडलं होतं.

धावपळीत माझा गळा मोकळाच राहिला होता आणि मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. पुन्हा शेडमध्ये जायच्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वयंपाकघरातून हळकुंड घेऊन आल्या. मंगळसूत्र गाठवून येईपर्यंत गळ्यात हळकुंड बांधायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यांनी मला पाटावर बसवलं, मानेवरचे केस बाजूला केले आणि थबकल्या. तारेचा वळ अजून लाल होता. त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

‘मला बी असाच हुता,’ म्हणाल्या. ‘ह्येचा बाप गेला तवा. माझ्या डोरल्याची गाठ कुणी सोडली न्हाई. बायका जमल्या आन वडून तोडलं. लय दिस वण हुता.’

इतक्या वर्षांत त्या एवढं लांब कधी बोलल्या नव्हत्या. मान वळवायची हिंमत झाली नाही.

त्यांनी मांडीवर सूत वळलं, हळद लावली. रीतीप्रमाणे ते अनेक पदरी करतात, पीळ देतात, तुटू नये म्हणून. त्यांनी एकेरीच ठेवलं. मी म्हटलं, ‘आत्याबाई, पदर वाढवा, हे टिकायचं नाही.’ त्यांनी सुताची दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि हिसका दिला. सूत तट्कन तुटलं.

‘तुटतंय,’ म्हणाल्या. ‘बरं हाय.’

तसंच दुसरं सूत हळकुंडाला गुंडाळून त्यांनी माझ्या गळ्यात बांधलं, आखूड, मानेलगत, शर्टाच्या आत जाईल असं. गाठ मारताना त्यांची बोटं गार होती.

‘तुटलं तर हाक मार. दुसरं बांधू. सांगलीत हळद काय संपाय लागली न्हाई.’

मी मास्क चढवला आणि आत गेले. दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं. आता काचेपलीकडे त्या बसतात, बरोबर मेन स्विचखाली. गॉगलवर वाफ धरतेच, पत्रा तापतोच, पाण्यासाठी दार उघडता येत नाहीच. पण माझा हात जरा चुकला तरी त्या उठून उभ्या राहतात.

वाट्या आणि मणी डबीत आहेत. परवा गल्लीतल्या एका बाईनं दारातूनच टोकलं, ‘आवं, सूनबाईंचं अजून गाठवलं न्हाई?’

‘गाठवू की,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘तिचं काम संपलं म्हंजे.’

काम संपणार नाही, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत आहे.