विनायकदादांचा कार्बन

विनायकदादांच्या अंगणात पाऊल टाकलं की पाण्याआधी प्रश्न यायचा, "कशान इलंस गो?" चालत आलेल्याला खुर्ची मिळे. रिक्षाने आलेल्याला आधी व्याख्यान. मासे विकणाऱ्या शेवंतीला त्यांनी एकदा विचारलं, "तुझो बांगडो कशान इलो?" ती टोपली उतरवत म्हणाली, "पोवत इलो, दादानू. होडयेचा डिझेल माझ्या नावार लिवा." त्यांनी खरंच लिहून घेतलं.

मुंबईची नोकरी संपवून २००७ साली ते मालवणात, आमच्या शेजारच्या घरी परतले, ते कार्बन मोजायचं वेड घेऊनच. याद्या मीही करते. वाणसामान, बिलं, औषधं, सगळं लिहिलेलं असतं. पण यादी कामासाठी असते. दादांना यादी हेच काम होतं. "मोजल्याशिवाय कमी कसा होतला?" असं म्हणत त्यांनी घरातल्या प्रत्येक दिव्याशेजारी आकडा चिकटवला होता. आकडे समजावताना मात्र मालवणी सुटायची आणि 'दरडोई उत्सर्जन' सुरू व्हायचं.

पुढच्या उन्हाळ्यात ते मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले. मी विचारलं, "विमानाचं काय लिहिलंत?"

"विमान माझ्यासाठी उडाक नाय. ता उडणारच होता."

"एसटीपण सुटणारच असते," मी म्हटलं. हे त्यांना ऐकू गेलं नाही. आतल्या बाजेवर पडलेल्या त्यांच्या आईला, माईंना, मात्र सगळं ऐकू गेलं.

माईंनी ऐंशी ओलांडली होती. गुडघे आखडलेले; सकाळी कढत पाण्याने आंघोळ झाली तरच त्या उभ्या राहत. जन्मभर त्यांचं पाणी परसातल्या चुलीवर, माडाच्या वाळून पडलेल्या झावळ्यांवर, चुडतांवर, तापलेलं. दादांनी ती चूल मोडली आणि छपरावर सौर बंब बसवला. पावसाळ्यात त्यातलं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा थंड नसे, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

"बाबल्या," माई म्हणाल्या, "चुडतां माझ्यासाठी पडाक नाय. ती पडणारच होती. माका पाणी तापव."

"आई, धूर म्हणजे कार्बन."

"मग गॅसवर एक पातेलं ठेवा," मी म्हटलं.

"आवशीक सूट दिली तर मोजण्याक अर्थ काय रवलो?"

मग माई भिंत धरत माझ्या परसात आंघोळीला येऊ लागल्या. आषाढात त्यांचा पाय उंबऱ्यावरून उचलेना. मी मसुऱ्याला त्यांच्या मुलीला, सुमनला, फोन केला आणि पिशवी भरली: औषधं, चष्मा, लुगडी, शाल. सुमन त्याच दिवशी रिक्षा घेऊन आली. जाताना भावाला म्हणाली, "तुझा यंत्र तापला काय सांग. आवशीक धाडतंय."

गणपती झाल्यावर दादा हसत माझ्याकडे आले. हातात आलेखाचा कागद.

"बघ, आषाढापासून घराचो आकडो कसो उतरलो."

मी कागद पाहिला. रेघ खरंच उतरली होती.

"दादा, तुम्हीही गेलात की शून्य होईल."

रागावतील असं वाटलं. ते गंभीरपणे विचार करू लागले. "नाय गो," म्हणाले, "माडांचो पंप चालूच रवतलो."

मसुऱ्यात माई पुन्हा अंगणात फिरतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.