मागच्या सीटची उजवी बाजू

मंडळी, धुळ्याच्या सायबर कॅफेत बसलोय. घरी जायचंय, पण उठवत नाही.

सकाळी आमची जुनी अमेरिकन गाडी गॅरेजला नेली. इंजिन अजून दणकट आहे, पण मागची चासी तडकली होती आणि शॉकअप जिथे बसतात तिथला पत्रा फाटत आला होता.

वेल्डरने गाडीखालूनच विचारलं, "भाऊ, मांगनी उजवी बाजू जास्त दबेल शे. तठे कोन बसस?"

"आबा," मी म्हटलं. आबा म्हणजे माझे वडील. मालकाने मागेच बसायचं, हा त्यांचा हट्ट. गाडी दोन दारांची, तरी पुढची सीट वाकवून, धोतर सावरत ते मागे शिरायचे.

"मंग तठे डबल पट्टी मारी देस. आबास्ले सांगा, आते बिनधास्त बसा."

आबांचं तेरावं परवाच झालं. मी एवढंच म्हटलं, "मार."

ठिणग्या बघत उभा राहिलो. रडू वगैरे काही आलं नाही. निघताना सवयीने पुढची सीट वाकवली आणि दार धरून थांबलो.

वेल्डर म्हणाला, "भाऊ, कोनी वाट देखी ऱ्हायनात?"

कोणाची वाट बघतोय, हे काय सांगायला हवं होतं त्याला? तुम्हीच सांगा.