पोळ्याला आलेला कागद
कृषी विद्यापीठानं मला फसवलं आणि मी शेजारच्या काकूला. परवा गोठ्यात पाऊस मोजायचं जुनं भांडं सापडलं आणि डोकं पुन्हा तापलं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत विद्यापीठाच्या हवामान, माती आणि कीड अशा तीन विभागांचे साहेब पांढरकवड्याजवळच्या माझ्या वावरात आले. हमाली करून घेतलेलं वावर ते. ते भांडं हातात देऊन त्यांनी विचारलं, "रोजचा पाऊस लिहून ठेवाल का?" मी म्हटलं, "दोन पावसाळे लिहितो, पण फुकट नाही. तिसऱ्या वर्षी कोरड्यातच धूळपेरणी करू का पावसाची वाट पाहू, हे मले मृगाआधी सांगा लागन." हसत कबूल झाले. मी एक सकाळ चुकवली नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात काकू रोज बांधावर यायची. तिच्याकडे सरकीची एकच थैली होती. "भाऊ, आला का तुमचा कागद?" "येऊन राह्यला, काकू." मृग तोंडावर आला, सारं गाव कोरड्यात पेरू लागलं, तेव्हा मीच चिडून म्हटलं, "टाका आता! त्यायच्या भरोशावर वावर पडीक राहीन." एका सरीनं कोंब वर आले, मग तीन आठवडे नुसतं ऊन. सगळं करपलं. मी दुबार पेरलं. काकूकडे पेरायला काही उरलं नव्हतं. पोळ्याला विद्यापीठाचा माणूस कागद घेऊन आला. 'यंदा धूळपेरणी टाळा.' तारीख मृगाच्या महिनाभर आधीची. "आधी दुसऱ्या विभागानं सही करावी, असं तिघंही म्हणत होते," तो म्हणाला. काकू आजही लोकांच्या वावरात मजुरीनं तण निंदायला जाते आणि मला काही विचारत नाही. सही अडवणाऱ्या तिघांनी तिच्या दारात उभं राहून तिला उत्तर द्यावं.