पाठीमागचे हात

टाकव्याच्या कंपनीत सर्किटवर बारीक भाग बसवणारं आमचं मशीन अडलं, की दुरुस्तीला वडिवळे गावचे भाऊ येतात. दमलेल्या आवाजात मशीनलाच विचारतात, “काय रं, कुटं दुखतंय?” भातलावणीच्या दिवसांत ते पहाटे चिखलात राबून थेट पाळीला येतात.

परवा भाग उचलणारं नोझल रिकामं असूनही सेन्सर ‘भाग उचलला’ म्हणत होता. भाऊंनी सेन्सरची काच पुसली, सेटिंग बदललं; पुन्हा तेच. शेवटी त्यांनी स्वतःची बोटं पाहिली. चिखलानं बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्यांना लावलेलं खोबरेल पुसता पुसता काचेवर उतरत होतं.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. “ताई, तुमीच पुसा. मी नुसतं सांगतो.”

मी पुसलं. मशीन सुरळीत चाललं. भाऊंचे हात मात्र पाळी सुटेपर्यंत पाठीमागंच होते.