पिनमामांचे दुसरे वाक्य

आकाशपाळण्यात बसण्याआधी पिनमामा त्याच्याखाली जाऊन उताणे निजत. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ते घरूनच आणीत. तो धुळीत अंथरायचा, चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट करायची आणि पाठीवर सरकत मधल्या आसाखाली जायचे. जत्रेतली माणसे हसत, काही जण फोटो काढत. वीस-पंचवीस मिनिटांनी मामा बाहेर येत, सदरा झटकत आणि एक तर तिकिटाच्या रांगेत उभे राहत, नाही तर सरळ मालकाच्या तंबूकडे चालू लागत. ते कुठे वळतात त्यावरून पाळणा कसा आहे ते आम्हाला कळे.

मामा रेणापूरचे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून चौतीस वर्षे काढलेला माणूस. त्यांना पिनमामा हे नाव पडले ते त्यांच्या पहिल्या प्रश्नामुळे. पाळण्यात बसल्यावर मांडीवर जो आडवा लोखंडी दांडा येतो, तो एका बाजूला बिजागरीवर फिरतो आणि दुसऱ्या बाजूला खाचेत बसतो. खाचेतून निसटू नये म्हणून त्यात एक पिन घालतात. बोटाएवढी असते, आणि मोटारसायकलच्या कुठल्याही दुकानात चहाच्या किमतीत मिळते. ती हरवली की पाळणेवाले खिळा वाकवून घालतात. खिळा नसला की तार गुंडाळतात.

"मालक, पिन कुठाय?"

"हाय की मामा, ही काय."

"ही तार हाय. तारेनं पोत्याचं तोंड बांधतेत, माणूस न्हाई."

माझी त्यांची ओळख अशाच एका जत्रेत झाली. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे आणि मोजण्याची खोड कचेरीबाहेरही सुटत नाही. घड्याळ घेऊन मी पाळण्याचे फेरे मोजत उभा होतो. पुठ्ठा काखेत मारलेला एक वयस्कर माणूस जवळ आला. "एका फेऱ्याला किती?" मी म्हणालो, अकरा सेकंद. ते म्हणाले, "गेल्या साली चौदा हुते. ह्यानं पुली बदललीय." आणि ते तंबूकडे गेले. पुली खरोखरच बदललेली होती. त्या दिवसापासून त्यांनी माझे नाव मोजणीसायेब ठेवले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत मोजता आले नाही.

यावरून कोणाला वाटेल की मामा चुका काढत फिरणारे कुरकुरे म्हातारे होते. ते पाळण्याचे वेडे होते. मामी चारचौघांत म्हणत, "लोक नातवाचं निमित्त करून जातेत. आमचं येडं एकटंच जातंय, अन् दोनदा बसून येतंय." पाळणा वर गेला की मामा डोळे मिटत. वरून सगळे गाव दिसते, ते बघायचे सोडून डोळे कशाला मिटता, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "गावात बघायला पाण्याची टाकी हाय. मी बेरिंग ऐकून राहिलो." पण पाळणा खाली झेपावू लागला की ते पोटातून हसत. इतके मोठ्याने, की शेजारच्या डोलीतली पोरे रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहत.

माझ्या मोबाइलवर तेव्हा पाळणाप्रेमींचा एक ग्रुप होता. नांदेड, जळकोट, देगलूर, उदगीर अशी दीडशेवर माणसे. कुठला पाळणा कुठल्या जत्रेला निघाला, उंची किती, नवा रंग कसा दिसतो, दिवे कसे लावले, यावर दिवसभर चर्चा चाले. ब्रेक डान्सचा पाळणा चांगला की टोराटोराचा, यावरून माणसे आठ-आठ दिवस अबोला धरीत. पिन हा विषय तिथे मी काढला तर दोन जण अंगठा दाखवीत आणि पुन्हा दिव्यांवर गाडी येई.

त्या ग्रुपसाठी मी एक काम केले आणि त्याबद्दल मला स्वतःचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कोणाचा येत नाही. आमच्या भागातल्या एका जत्रेत (तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष तिच्या देवाचा नाही) मामा पाळण्याखालून बाहेर आले, रांगेत उभे राहिले, दोनदा बसून आले. मी मोबाइल पुढे धरला. ते म्हणाले, "सगळ्या पिना नव्या हायेत. मी सोता बसून आलो. बिनघोर बसा." सात-आठ सेकंदांचे बोलणे. मी ते ग्रुपवर टाकले. जमिनीची मोजणी तारखेशिवाय मी आयुष्यात कधी लिहिली नाही. इथे मात्र तारीख बोलायला मी मामांना सांगितले नाही.

पुढच्या वर्षी तोच पाळणा, तोच मालक. जत्रा उघडायच्या तीन दिवस आधी मामा पुठ्ठा घेऊन गेले. बाहेर आले आणि तंबूकडे वळले. मी सोबत होतो आणि लिहून घेत होतो. सोळा डोल्यांपैकी तीन, सात, आठ आणि बारा, या चार डोल्यांच्या दांड्यांना तार.

"ह्या साली न्हाई, मालक. चार डोल्या बंद ठेवा. न्हाईतर पिना आणा. बाजारात जाऊन मीच आणून देतो."

"बसा मामा, च्या घ्या. तुम्ही म्हणाल तसं."

मालकाने चहा पाजला, हात जोडले, आणि काहीही केले नाही.

आम्ही जत्रा कमिटीच्या मंडपात गेलो. तिथल्या एका पदाधिकाऱ्याने फाईल उघडून तपासणीचा दाखला दाखवला. शिक्का होता, सही होती. मी तारीख पाहिली. पाळण्याचे लोखंड घेऊन ट्रक गावात आला त्याच्या चार दिवस आधीची ती तारीख होती. मी म्हणालो, पाळणा उभा नव्हता तेव्हा तपासला कोणी? पदाधिकारी म्हणाले, "सर, कागद पूर्ण हाय. तुम्हाला त्रास काय व्हायलाय?"

मी हे सगळे ग्रुपवर लिहिले, डोल्यांच्या क्रमांकांसह. आमचा ॲडमिन, देगलूरचा एक कापडवाला, सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याने उत्तर टाकले: "मामा म्हातारे झाले. त्यांना समदंच सैल दिसायलंय." त्याखाली सत्तेचाळीस हसरे चेहरे उमटले. मी मोजले.

जत्रा उघडली त्या संध्याकाळी मामा आणि मी रसवंतीपाशी उभे होतो. पाळण्याच्या भोंग्यातून गाणे थांबले आणि कोणीतरी बोलू लागले. मामांनी कान टवकारले.

"हे कोण म्हातारं बोलायलंय?"

भोंगा पुन्हा म्हणाला, "मी सोता बसून आलो. बिनघोर बसा." मग निवेदकाचा आवाज आला, "ऐकलंत मंडळी, आपले पिनमामा काय म्हणून राहिलेत!" पुन्हा गाणे सुरू झाले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा मामा.

मामांचा ग्लास हातात तसाच राहिला. मग ते चालू लागले, इतके भरभर की मला गाठता येईनात. तिकिटाच्या खिडकीशी त्यांनी काय म्हटले ते मला ऐकू आले नाही. मला दिसले ते इतकेच, की दोन माणसांनी त्यांच्या दंडांना धरले आणि उचलल्यासारखे करून दोरीबाहेर आणून सोडले. आम्ही जत्रेतल्या पोलीस चौकीवर गेलो. तिथला शिपाई म्हणाला, "आवाज तुमचाच हाय म्हणता, मग तक्रार कशाची?" साहेब बंदोबस्तात होते. उद्या या, असे तोच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला कचेरी होती. तिसऱ्या दिवशीही होती.

तिसऱ्या संध्याकाळी सात नंबरच्या डोलीचा दांडा उघडला. डोलीत नर्सिंगला शिकणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या. एकीने साखळी धरली. दुसरी खालच्या लोखंडी चौकटीवर पडली. डावे कोपर चुरले. तो हात आजही पूर्ण वळत नाही.

ग्रुपवर त्या रात्रीपासून चर्चेला ऊत आला. पोरगी उभी राहिली असणार. सेल्फी काढत असणार. या पाळण्याला इतक्या वर्षांत काही झाले नव्हते. आता सगळ्या जत्रांतले पाळणे बंद पाडतील, आपले काय होणार? ज्यांनी तो दांडा कधी हातात धरला नव्हता ती माणसे दांड्याच्या मजबुतीवर परिच्छेद लिहीत होती. त्या दीडशेमधल्या एकानेही मुलीचे नाव विचारले नाही.

मामा मला घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेले. मुलगी शुद्धीवर होती. मामांनी दारातूनच आपण कोण ते सांगितले. ती म्हणाली, "वळखलं. तुमचा आवाज ऐकूनच बसले, मामा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मामा खाली आले आणि म्हणाले, "ठाण्यात चला."

तोवर मालकाने आपला जबाब दिलेला होता. जाणकार माणसाने पाळणा तपासून पास केला, हा घ्या त्याचा आवाज. म्हणजे मामांनी नुसता आवाज कबूल केला की मालक सुटणार, आणि मुलगी पडली त्याचे खापर मामांवर फुटणार. जमादारांनी मामांचा जबाब टाइप केला, कागद काढला आणि सहीसाठी पुढे सरकवला. मी वाचून दाखवला. 'ध्वनिमुद्रणातील आवाज माझाच आहे.' त्याखाली एकदम 'वाचून पाहिले, बरोबर आहे.'

"सायेब, मी दोन वाक्यं बोललो," मामा म्हणाले.

"दुसरं कशाला पायजे? आवाज तुमचाच ना?"

"हाव, माझाच. पण गेल्या सालचा. ह्या साली मी न्हाई म्हणलो हुतो. ते लिवा."

"ते कोर्टात सांगा."

"कोर्टात कागद बोलतो, सायेब. मला कोण इचारतंय?"

जमादार दुसऱ्या कामाला लागले. मामा भिंतीलगतच्या बाकड्यावर बसले. अकरा वाजल्यापासून साडेतीनपर्यंत बसले. मधे कमिटीचे तेच पदाधिकारी येऊन गेले. "कशाला ताणायलाव मामा? पोरीचा इलाज चालू हाय की."

"इलाज पोरीचा चालू हाय. पाळण्याचा न्हाई."

या साडेचार तासांत मी काय करत होतो? तो आवाज कोणत्या दिवशीचा, हे सिद्ध करणारी मूळ फाईल माझ्या मोबाइलमध्ये होती. दिवस आणि वेळ, दोन्हींसह. ती दाखवली की ती पसरवली कोणी हेही उघड होणार होते. माझी नोकरीची सहा वर्षे राहिली होती, घरी लेक बारावीला होती. मी तीनदा नळावर पाणी प्यायला गेलो. तिसऱ्यांदा परत येताना बाकड्यावर कंबर चोळत बसलेले मामा दिसले, आणि मी मोबाइल जमादारांपुढे ठेवला.

"फाईल तुमची? म्हणजे पसरवली तुम्ही. नाव येतंय बघा तुमचं."

"येऊ द्या," मी म्हणालो.

मामांनी शाबासकी दिली नाही. म्हणाले, "मोजणीसायेब, सकाळीच म्हणायचं की. कंबर गेली माझी." मग जबाबात दुसरे वाक्य आले: 'सदर आवाज मागील वर्षीचा असून चालू वर्षी मी चार डोल्या बंद ठेवण्यास सांगितले होते.' त्यांनी एकेका शब्दाखाली बोट फिरवून ते वाचले आणि सही केली.

खटला अजून उभा राहायचा आहे. पाळणा महिनाभर अडकून पडला, मग बंधपत्रावर सुटला आणि नव्या रंगात दुसऱ्या जिल्ह्यात फिरू लागला. अण्णाने मला ग्रुपमधून काढले. 'वातावरण बिघडवणारे' असे कारण दिले. आधीच्या तारखेचा दाखला देणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. मामा त्यानंतर कुठल्याही पाळण्यात बसले नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या मागे कोणी म्हणाले, शांत माणूस होता. मला चीड आली. ते शांत नव्हते. त्यांना कोणी ऐकले नव्हते. पण हे मला कळले ते ठाण्यातल्या सहीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी जबाबाची नक्कल घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. मुलीची आई पलंगाशी बसली होती. मी दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. मुलीने विचारले, "मग मी बसले त्या दिवशी तुम्ही कुठं हुता?"

"तिथंच. तिन्ही दिवस दोरीबाहेर उभा हुतो."

"मग बसू नका म्हणून वरडायचं की, मामा."

"वरडलो, बाई. रांगेत तुमच्याबी तोंडापुढं वरडलो असंन. पर भोंग्यातला मी लई मोठ्यानं बोलत हुतो."

हे त्यांनी मलाही सांगितले नव्हते. कचेरीत बसून मी त्या दोन संध्याकाळी नकाशे रंगवत होतो.

मुलीची आई उठली. पहिल्या दिवशी तिने आम्हाला दारातच उभे ठेवले होते. आता तिने आपली खुर्ची पदराने पुसली आणि मामांपुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली.

मामा बसले नाहीत.