सरदेसाईंना दिवेलागणीपर्यंत मुभा

मोकळीक या विषयावर मुलुंड पूर्वेत अखेरचा शब्द कुणाचा, असं मला कुणी विचारलंच, तर मी क्षणभरही न थांबता आमच्या समोरच्या दाराकडे बोट दाखवीन. त्या दारामागे मामी राहतात. त्या मुळात कुणाच्या मामी, हे आता इमारतीत कुणालाच आठवत नाही. भाचा केव्हाच दूरदेशी गेला, नातं तेवढं मागे राहिलं आणि सगळ्यांनी वाटून घेतलं. मामी ठेंगण्या, कानांत मोत्यांच्या कुड्या, अंगाला कापूर आणि शिकेकाई यांचा मिळून झालेला एक स्वच्छ, किंचित कडवट गंध. आवाज मात्र तांब्याच्या हंड्यावर बांगडी आपटावी तसा. त्यांच्या घरात कुठलीच गोष्ट पूर्ण बंद नसते. कपाटं किलकिली, खिडक्या सताड, डब्यांची झाकणं तिरकी. "वस्तूंनासुद्धा श्वास लागतो गं," असं त्या म्हणतात, आणि परिणामी त्यांच्याकडची बिस्किटं बारा महिने मऊ असतात. पाहुण्यांनी ती चहात न बुडवता खावीत; बुडवली तर परत मिळत नाहीत.

अशा घरी मांजर असणं ओघानंच आलं. मामींच्या बोक्याचं नाव सरदेसाई. वरच्या मजल्यावरचं सरदेसाई कुटुंब ठाण्याला राहायला गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुलपाखाली हळदीच्या रंगाचं एक पिल्लू बसलेलं सापडलं. "उंबरा त्यांचा, तर आडनावही त्यांचंच," असा मामींनी निवाडा दिला. त्या या बोक्याला अहो-जाहो करतात. उलट आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, पन्नाशीचे, पोट सुटलेले, लेखापाल गृहस्थ, त्यांना मामींनी लहानपणी शर्टाच्या बाहीला नाक पुसताना पाहिलेलं असल्यामुळे ते आजतागायत "अरे पिंट्या" आहेत. एकदा नवा कुरिअरवाला दारात उभा असताना आतून आवाज आला, "सरदेसाई, मिशा पुसा आधी, साय लागलीय!" तो बिचारा मान खाली घालून पार्सल ठेवून निघून गेला.

मामींची दुसरी ठाम श्रद्धा अशी, की सरदेसाई शाकाहारी आहेत. त्यांना दूधभात, दूधपोळी आणि एकादशीला दुधात कालवलेले वरीचे तांदूळ मिळत. संध्याकाळी सरदेसाई घरी परतले, की त्यांच्या मिशांभोवती भाजलेल्या सुक्या बोंबलाचा खारट, किंचित जळका दरवळ असे. मी नुसतं नाक वर केलं तरी मामी म्हणत, "भिंतीला घासून आलेत. त्या बाजूची भिंतच तशी आहे." कुंपणाच्या भिंतीला बोंबलाचा वास कसा येईल, हा प्रश्न मी बरीच वर्षं गिळत आले.

कारण आमच्यात वादाला त्याहून मोठा विषय होता. माझ्याकडे शेवंती नावाची पांढरी मांजरी आहे. ती घराबाहेर पडत नाही. माझ्या खिडक्यांना जाळी आहे, आणि तिच्या चौकोनांतून शेवंती दिवसभर बदामाच्या झाडाची पानं मोजत असते. रस्त्यावरची वाहनं, गल्लीतली कुत्री, उंदरांसाठी ठेवलेलं विष, या सगळ्यांची मला भीती वाटते, आणि ती भीती मला लाजिरवाणी वाटत नाही. मामींना मात्र ती तशी वाटे. "जीव सांभाळायचा म्हणून जगणंच कुलपात ठेवायचं?" त्या विचारत. "मामी, जीव राहिला तर जगणं," मी म्हणे. मग त्या जाळीशी बसलेल्या शेवंतीच्या कपाळाला बोट लावत आणि तिला मोठ्यानं सांगत, "तुझी मालकीण चांगली आहे हो, पण तुला ती जगाचा नुसता सिनेमा दाखवते!"

तरीही मामी सरदेसाईंना मोकाट सोडत होत्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचा एक नियम होता: मुभा दिवेलागणीपर्यंत. सकाळी ओट्यावरची खिडकी उघडायची. सरदेसाई पंपघराच्या पत्र्यावर उतरत, तिथून भिंतीवर आणि भिंतीवरून आपल्या उद्योगाला. संध्याकाळी देवापाशी समई लावली, की मामी स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन खिडकीशी उभ्या राहत आणि टिण् टिण् टिण् असा नाद करत. आकाशाची कड जांभळी झालेली, कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी चुरचुरतेय, आणि त्यात हा बारीक, धातूचा, हट्टी नाद. सरदेसाई कुठूनही येत. आमच्या इमारतीतल्या मुलांना खेळ थांबवायला दुसरं घड्याळ लागत नसे.

त्यांच्या बाहेरच्या उद्योगांची किंमत अर्थात सगळेच मोजत होते. गच्चीवर वाळत घातलेल्या पोह्यांच्या पापडांवरून ते एकदा चालत गेले. मामींनी ते सगळे पापड घरी नेले आणि तळून येणाऱ्याजाणाऱ्याला वाढले. "सरदेसाईंची सही आहे यावर, आत्ताच खाऊन घे," असा आग्रह वर. पण माझ्या कुंडीतल्या जास्वंदीवर बुलबुलानं घरटं केलं आणि सरदेसाईंनी ते एका दुपारी रिकामं केलं, तेव्हा मला हसू आलं नाही. जमिनीवर एक पीस पडलं होतं, श्वासानंही उडेल इतकं हलकं. मामी आल्या आणि वाकून त्यांनी ते पीस तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांची बाजू मी मांडणार नाही." दुसऱ्या दिवशी सरदेसाईंच्या गळ्यात लाल दोरा आणि पितळी घुंगरू आलं. तेव्हापासून त्यांची वर्दी आधी पाखरांना मिळू लागली आणि नंतर आम्हाला.

एवढ्यानं पिंट्याचं समाधान झालं नाही. त्याच्या नव्या गाडीच्या टपावर उमटलेली पावलं त्यानं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच टाकली होती. सभेत तो उभा राहिला. "मामी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मांजर घरातच पाहिजे ना. बाहेर काय झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," मामी म्हणाल्या. "तू लहानपणी दिवसभर बाहेर उंडारायचास, तेव्हा तुझी आई कुणाला जबाबदार धरायची रे?"

"मामी, मी मांजर नव्हतो."

"मांजर बरं. तू माझ्या खिडकीची काच फोडली होतीस."

सभा हशात बुडाली. ठराव पुढच्या वेळेवर गेला. जिना चढताना मात्र मामी कठड्याला धरून थांबल्या. "मला लहानपणी एक खिडकी होती," त्या म्हणाल्या. "भाऊ नदीवर जायचे, जत्रेला जायचे. मी खिडकीत. सगळं दिसतंय की तिथून, असं आई म्हणायची. दिसतं गं. नुसतं दिसतंच." आणि पुढच्या पायरीवर त्यांनी चांगला जोर देऊन पाय ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी वाटी वाजली आणि घुंगरू वाजलं नाही.

मामी वाजवत राहिल्या. समोरच्या घराघरांत दिवे लागले, मुलं वर गेली, तरी तो नाद थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिंट्या स्वतः गाड्यांखाली वाकून पाहत होता, "सरदेसाई, ओ सरदेसाई" अशा हाका मारत. मी जे बोलणार होते, ते मामींच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं होतं. दिवेलागण झाली तेव्हा त्यांनी वाटी उचलली आणि खिडकीशी न जाता थेट चपला घातल्या. मीही निघाले. भिंतीपलीकडची इमारत हाताच्या अंतरावर, पण रस्त्यानं जायचं तर अख्खी गल्ली ओलांडून वळसा घ्यावा लागतो. इतक्या वर्षांत मामी तिथे कधी गेल्या नव्हत्या. चालताना त्या वाटी वाजवत होत्या, लोक वळून पाहत होते. पलीकडच्या तळमजल्यावरच्या एका खिडकीपाशी आलो आणि आतून, अगदी क्षीण, घुंगरू वाजलं.

दार एका तरुण सुनेनं उघडलं. खोलीत डेटॉलचा वास, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीला लावून पलंग, आणि पलंगावर एक सावळ्या, टवटवीत चेहऱ्याच्या वृद्ध बाई. आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या उठल्या नव्हत्या. त्यांच्या पायांवरच्या गोधडीत सरदेसाई पसरले होते, मागच्या पायाला आइसक्रीमच्या काडीचा आधार देऊन बांधलेलं सुबक बँडेज.

"गल्लीत दुचाकीनं उडवलं ह्याला," सिस्टर म्हणाल्या. "सूनबाईनं उचलून आणला. तुमचा आहे होय हा बाळ्या?"

"बाळ्या?" मामी म्हणाल्या.

"रोज दुपारी येतो की. मी जेवते तेव्हा जेवतो. बोंबील भारी आवडतो मेल्याला."

मामी पुढे झाल्या. सरदेसाईंनी डोळे किलकिले करून एकदा त्यांच्याकडे, एकदा सिस्टरकडे पाहिलं आणि अपराधी माणसासारखे मिटून घेतले. "आमच्याकडे ते एकादशी करतात," मामी कशाबशा म्हणाल्या.

"करू दे की," सिस्टर म्हणाल्या. "उपास सोडायला इकडं येतो."

हसण्याची सुरुवात कुणी केली ते मला सांगता येणार नाही. मामींनी डोळ्यांना पदर लावला, तो हसण्यासाठी की कशासाठी, तेही नाही. सूनबाईंनी चहा आणला. मामी पलंगाच्या कडेला बसून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

डॉक्टरांनी हाड सांधेपर्यंत बोक्याला घरातच ठेवायला सांगितलं. मग मी कधी ऐकला नव्हता तो आवाज ऐकला: मामींच्या खिडकीची कडी. घरातली बाकीची दारंही हळूहळू लागत गेली. त्या दिवसांत त्यांच्याकडची बिस्किटं कुरकुरीत झाली, आणि मला ती गोड लागली नाहीत. पिंट्या आला, चांगुलपणानंच आला. "मामी, आता कायमचं आतच ठेवा ना. जाळी मी बसवून देतो." मामी नुसत्या "बघू" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच आठवड्यात भिंतीपलीकडची सूनबाई दारात आली. "सासूबाई दुपारच्या जेवतच नाहीत," ती म्हणाली. "बाळ्या येऊ दे, म्हणतात. मी सांगते, त्याला बरं नाही. तरी ताट झाकून ठेवतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं रस्ता चकाकत असताना, मामी कापडी पिशवी छातीशी धरून गल्ली ओलांडताना दिसल्या. पिशवीतून हळदीच्या रंगाचे दोन कान बाहेर आले होते. मग रोजच जाऊ लागल्या. सोबत घरची आमटी नेत. तिकडे ताटात बोंबील असला की तोंड खिडकीकडे करून बसत, पण बसत. सिस्टर त्यांना वॉर्डातले किस्से सांगत, मामी सिस्टरना पिंट्याचे. पाय सांधला आणि मामींनी ओट्यावरची खिडकी पुन्हा उघडली, तेव्हा पिंट्यानं कपाळाला हात लावला. "मामी, एवढं होऊनसुद्धा?"

"एवढं होऊन म्हणूनच," मामी म्हणाल्या. "ते फिरायचे म्हणून मला कळलं ना रे, भिंतीपलीकडे कुणी आहे. आपण दोघं किती वर्षं गाड्या आणि पापड बघत बसलो!" सरदेसाई किंचित लंगडत पत्र्यावर उतरले. मामींची मूठ खिडकीच्या चौकटीवर आवळलेली होती. पण खिडकी उघडी राहिली.

माझी जाळी अजून जागच्या जागी आहे. मी मत बदललेलं नाही, आणि मामींनीही नाही. शेवंती आतून आणि सरदेसाई बाहेरून एकमेकांकडे पाहतात, आम्हा दोघींसारखेच, प्रेमानं आणि असहमतीनं.

सिस्टर यंदा होळीच्या आधी गेल्या. त्यांचा पलंग हलला, खिडकी बंद झाली. सरदेसाई मात्र अजून दुपारी भिंत ओलांडून जातात. त्या बंद खिडकीच्या कट्ट्यावर ऊन उतरेपर्यंत बसून राहतात, घुंगरूचा आवाजही न करता. मी एकदा मामींना म्हटलं, "त्यांना थांबवा ना आता." मामी समईची वात सारखी करत होत्या. "जाऊ देत," त्या म्हणाल्या. "कुणीतरी जायला हवं ना तिच्याकडे."

समई लागते, आकाशाची कड जांभळी होते, मुलं खेळ थांबवून मामींच्या खिडकीकडे पाहतात. मामी वाटी हातात घेऊन उभ्या असतात. हल्ली त्या ती जरा उशिराच वाजवतात.